डिचोलीची दोघं ऑरेगॉनच्या माळावर दगड वेचताना

चवथ आटपली, गणपती पोचवले आणि तिसऱ्या दिवशी मी विमानात बसलेलो. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडला माझा शाळेतला मित्र राहतो, एकाच वाड्यावरचे आम्ही, एका बाकावर बसून मार खाल्लेले (नाव घालू नको म्हणालाय, म्हणून घालत नाही). गेली कितीतरी वर्षं तो फोनवर एकच सांगायचा, "ये मरे एकदा, तुला दगड दाखवतो." मी हसायचो. डिचोलीच्या माणसाला दगड दाखवतोस?

आमचं लहानपण म्हणजे दगडच की. बाबा लोहखनिजाच्या खाणीवर टिपर चालवायचे, २०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तोपर्यंत. रस्त्यावर ट्रकातून सांडलेले तुकडे आम्ही शाळेतून येताना वेचायचो. काळेनिळे, हातात घेतले की आकाराच्या मानाने भलतेच जड. काही पट्ट्यापट्ट्यांचे, एक पट्टी तांबडी एक करडी, आम्हाला वाटायचं कोणीतरी रंगवलेत. त्याला बँडेड हेमेटाइट क्वार्टझाइट म्हणतात हे मला वयाच्या चाळिशीत ह्याच मित्राने सांगितलं. आई तेव्हा खिशातले दगड काढून कुंपणाबाहेर फेकायची, कारण शर्ट धुऊन धुऊन तांबडाच राहायचा. तर मुद्दा असा की आम्ही दगड बघितला तो टनात. एकेक दगड हातात घेऊन बघायचा असतो हे डोक्यात कधी आलंच नाही.

पोर्टलंड म्हणजे हिरवंगार, पाऊस, शेवाळ, अगदी आमच्यासारखं. पण कॅस्केड डोंगररांग ओलांडली की दोन-तीन तासांत सगळं बदलतं. चोर्ला घाट चढून बेळगावच्या पुढे गेलं की पाऊस कसा उतरत जातो, तेच, फक्त चारपट. समुद्राकडून आलेले ढग डोंगर अडवतो आणि पलीकडे उंचावरचं कोरडं माळरान, ह्याला ते हाय डेझर्ट म्हणतात. वाळूचं वाळवंट नव्हे हां. चार-साडेचार हजार फुटांवर करड्या रंगाची सेजब्रशची झुडपं, मैलोन्‌मैल. त्याची पानं चुरगाळली की ओव्याच्या जवळपासचा काहीतरी वास येतो, कपड्यांना अजून येतोय.

बेंड शहराच्या पुढे हायवे २० धरला. पेट्रोल फुल, पाणी दहा गॅलन, आणि मित्राने डिकीत उकडे तांदूळ, लोणच्याची बाटली आणि कोकमाची सोलं भरलेली, मी म्हटलं ह्याचं अर्धं डोकं अजून डिचोलीतच आहे. वाटेत सांगत होता की उत्तरेला अँटेलोप गावाजवळच रजनीशांचं शहर होतं, १९८१ ते ८५. पुण्याहून उठून माणसं ह्या असल्या उजाड माळावर आली कशाला हे मला अजूनही कळलेलं नाही.

पहिला मुक्काम ग्लास ब्यूट्स. नावाप्रमाणेच, काचेचा डोंगर. गाडीतून उतरलो तर जमीन चमकतेय, एकतीस डिसेंबरनंतरचा बागाचा किनारा आठवा, फुटलेल्या बाटल्या सगळीकडे, तसंच. पण ही ज्वालामुखीची काच, ऑब्सिडियन. सिलिका भरपूर असलेला घट्ट लाव्हा, त्यात स्फटिक वाढायच्या आतच गोठला म्हणून काच झाला. आणि ही जमीन सरकारी, बीएलएम नावाचं केंद्राचं खातं ती सांभाळतं, आणि स्वतःसाठी बेताने दगड नेले तर चालतं! विकायला नाही, मशीन लावून नाही. अश्मीभूत लाकडाचा तर नियमच लिहिलेला आहे: दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंड. मला त्या "वर एक तुकडा"चं इतकं हसू आलं. भाजीवालीकडे वर कोथिंबीर मागतो तसं. आणि हो, जुन्या लोकांनी घडवलेली बाणांची टोकं दिसली तर हात लावायचा नाही, तिथेच ठेवायची.

मित्र म्हणाला हातमोजे घाल. मी म्हटलं हो हो घालतो, आणि पाच मिनिटांत अंगठा कापला. दुखलंही नाही आधी, नुसतं रक्त दिसलं. ह्या काचेची धार पोलादी ब्लेडपेक्षा पातळ असते म्हणे, हे त्याने पट्टी बांधताना सांगितलं, आधी सांगायला काय झालेलं. शिवाय तुकडा फोडताना चष्मा घालायचा, कपची उडून डोळ्यात गेली तर संपलं. टायरची काळजी वेगळीच, कच्च्या रस्त्यावर तो बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवत होता.

सगळे तुकडे आधी काळेच दिसतात. मग तो शिकवायला लागला. थोडं पाणी ओत, उन्हात धर, हळूहळू फिरव. एका विशिष्ट कोनात अचानक आतून सोनेरी झाक येते, जरा हलवला की गायब. आत बारीक बुडबुड्यांचे थर असतात त्यांच्यामुळे. एक चंदेरी, एक इंद्रधनुषी, ती मला तासाभरात एकच मिळाली. आणि एक महोगनी, काळ्यावर तांबडे ढग. तो तांबडा कुठला, तर लोखंडाचा. म्हणजे आईने शर्ट घासघासून जो काढायचा प्रयत्न केला तोच! मी तो दगड हातात धरून बराच वेळ बसलो. मित्रही काही बोलला नाही, त्याच्याही घरचे खाणीवरच होते.

रात्री थंडी अशी की बाटलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय. उन्हाळ्यानंतर वणव्याच्या भीतीने शेकोटीला बंदी, गॅसवर पेज केली, लोणचं, पापड त्याच आचेवर भाजला. दोन जॅकेट घालून पेज पिताना लांबून कोयोटी ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी रायली गावावरून हायवे ३९५ने दक्षिणेला, मग कच्च्या रस्त्याने प्लश गावाच्या वरच्या बाजूला. हा लेक काउंटी, म्हणजे जिल्हाच. आख्ख्या गोव्याच्या पाचपटीहून मोठा आणि माणसं जेमतेम आठ हजार. आमच्या जत्रेला एका रात्रीत ह्याहून जास्त जमतात. इथे सनस्टोन मिळतो, ऑरेगॉनचं राज्यरत्न, १९८७पासून. बीएलएमने लोकांसाठी वेगळी जागाच ठेवलीय, फुकट. सावली जवळजवळ नाही, पाणी अजिबात नाही.

सनस्टोन म्हणजे फेल्डस्पार नावाच्या खनिजाचा पारदर्शक खडा, बहुतेक फिकट पिवळे, पेंढ्याच्या रंगाचे. आत तांबं असेल तर गुलाबी, लाल, क्वचित हिरवा, आणि तांब्याच्या सूक्ष्म पत्र्यांमुळे आत चमचम. मी सकाळी जोशात फावडं घेऊन तीन तास खणलं, चाळणीत माती गाळली, हातात आले सात-आठ मटकीएवढे खडे आणि पाठीत उसण. मित्र खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसलेला. चार वाजून गेल्यावर उठला, म्हणाला आता ये. सूर्य खाली आलेला, त्याच्या दिशेने तोंड करून नुसतं हळू चालायचं, खणायचं नाही. आणि अहो, जमिनीवर दिवे लागल्यासारखे खडे चमकायला लागले, इथे एक, तिथे एक! तासाभरात खिसा भरला. सकाळपासून का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे, "तू खाणवाला ना, खणून घे म्हटलं आधी." बरीच शिवीगाळ झाली ती इथे लिहीत नाही.

गुलाबी छटेचा एकच मिळाला. बाकी पिवळेच.

रात्री आकाशगंगा इतकी ठळक की आधी ढगच वाटला. हा सगळा भाग २०२४ साली अंधाऱ्या आकाशाचं अभयारण्य म्हणून जाहीर झालाय. झोप येत नव्हती तर तो कॅव्हान्साइटचं सांगत बसला. गडद निळा खनिज, कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट म्हणून ते नाव. पहिल्यांदा सापडला इथेच ऑरेगॉनात, ओवायही धरणाच्या परिसरात, पण जगात सगळ्यात सुंदर नमुने येतात ते पुण्याच्या वाघोलीच्या दगडखाणीतून. वाघोलीला माझ्या मावसबहिणीचा फ्लॅट आहे, दहा वेळा गेलोय, तिथे मी फक्त ट्रॅफिक बघितला.

परत येताना बॅगेचा प्रश्न. विमानाची मर्यादा २३ किलो, त्यात मित्राने आईसाठी दिलेली चॉकलेटं नि स्वेटर. काट्यावर चढवून बघतोय तर सव्वीस. तीन किलो काच त्याच्या अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीत टाकून आलो, जीव तुटला.

घरी आल्यावर सनस्टोन आईने घेतले, एका वाटीत घालून देवघराशेजारी ठेवलेत. बाबांना मी महोगनी दिला. खास धुऊन, पुसून. सगळी गोष्ट सांगितली, ज्वालामुखी, काच, आणि हा तांबडा म्हणजे आपलंच लोखंड बघा. त्यांनी खिडकीजवळ जाऊन तो फिरवून फिरवून बघितला, मग तळहातावर दोनदा उडवून वजनाचा अंदाज घेतला, टिपरवाले घ्यायचे तसा.

"हलका आहे रे," म्हणाले, "अठ्ठावन टक्के लोखंडाच्या खालचा माल. डंपात गेला असता."

सध्या तो त्यांच्या पेपरावर वजन म्हणून आहे.