आयबी डिप्लोमाचा अर्ज: एका पानावर अडकलेले पाच आठवडे

निबंध लिहून झाला, मुलाखत झाली, गुणपत्रकं जोडून झाली. आयबी डिप्लोमाला (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा, अकरावी-बारावीच्या जागी घेता येणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम) अर्ज करताना मला याच तिन्हींची धास्ती होती आणि तिन्ही आठवड्याभरात उरकली. गाडं अडलं ते विषय निवडीच्या पानावर. ते पान तीनदा परत आलं. आज माझा प्रवेश होऊन चार महिने झाले, तरी त्या पाच आठवड्यांचा राग गेलेला नाही.

प्रवेश आयबी संस्था देत नाही, शाळा देते, त्यामुळे अर्जाची पद्धत प्रत्येक शाळेची वेगळी. विषयांचा साचा मात्र सगळीकडे एकच: सहा विषय, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात, आणि उरलेले स्टँडर्ड लेव्हलला. साहित्याची भाषा, दुसरी भाषा, समाजशास्त्रं, विज्ञान, गणित आणि कला असे सहा गट. कला नको असेल तर त्या जागी इतर गटांतला आणखी एक विषय घेता येतो.

मला पुढे मेडिकलला जायचंय. म्हणून मी बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स तिन्ही भरले आणि समाजशास्त्रांची जागा रिकामी ठेवली. आठ दिवसांनी पान परत. शेरा एकच शब्दाचा: 'अमान्य'. काय अमान्य, हे विचारायला गेले तर शाळेतले आयबीचं काम बघणारे कोऑर्डिनेटर बैठकीत, आणि ऑफिसातल्या बाईंचं उत्तर, "नियमावलीत बघ." बघितलं. कलेच्या जागी दुसरं विज्ञान चालतं, पण म्हणून समाजशास्त्रांचा गट गाळता येत नाही. फिजिक्स काढून सायकॉलॉजी घातलं.

पुन्हा दहा दिवस. पुन्हा परत. या वेळी फ्रेंचवर लाल गोल. मी फ्रेंच 'अब इनिशिओ' लिहिलं होतं, आणि तो अभ्यासक्रम ज्यांना ती भाषा जवळपास येतच नाही त्यांच्यासाठी असतो. माझ्या गुणपत्रकात दोन वर्षांचं फ्रेंच स्पष्ट दिसत होतं. चूक माझी, मान्य. पण ते गुणपत्रक पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये होतं! पहिल्याच खेपेला दोन्ही चुका दाखवल्या असत्या तर माझे दहा दिवस वाचले असते. ऑफिसात हे बोलले तेव्हा बाई म्हणाल्या, "आम्ही वरून खाली तपासतो, पहिली चूक सापडली की थांबतो."

तिसऱ्यांदा पान परत आलं तेव्हा चूक अशी नव्हतीच, एक चौकट रिकामी होती. आयबीच्या गणिताच्या दोन अभ्यासक्रमांपैकी 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' हा अभ्यासक्रम हायर लेव्हलला घ्यायचा तर आमच्या शाळेत गणिताच्या शिक्षकांची शिफारस लागते. सर रजेवर. त्यांच्याऐवजी दुसरं कुणी सही करेल का? नाही. सर येईपर्यंत अर्ज पुढे सरकेल का? नाही. अकरा दिवस मी रोज मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी उभी राहिले. वर्गातल्या इतरांना प्रवेशाची पत्रं येत होती आणि माझ्या नावापुढे 'अपूर्ण'. बाबा म्हणाले, "थांब, होईल." आई मात्र म्हणाली, "सरांनाच ईमेल कर ना."

केली. सोबत शेवटच्या तीन चाचण्यांचे पेपर जोडले. त्याच संध्याकाळी उत्तर आलं, पण सहीचं नाही. सरांनी उलट विचारलं: तुला हायर लेव्हलचं गणित कशासाठी हवंय?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हुशार मुलं घेतात म्हणून मी लिहिलं होतं. त्या रात्री मला हव्या असलेल्या चार विद्यापीठांच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या. चौघांनाही केमिस्ट्री आणि बायॉलॉजी हायर लेव्हलला हवं होतं, हायर लेव्हलचं गणित एकालाही नको होतं. हायर लेव्हलला 240 तास शिकवणं असतं, स्टँडर्डला 150, आणि विषयाचे गुण दोन्हीकडे 7 पैकीच. गणित स्टँडर्डला नेलं, सायकॉलॉजी हायरला. शिफारशीची गरजच संपली. दोन दिवसांत अर्ज मंजूर झाला. ते पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच रडले.

म्हणून सांगते, विद्यापीठांच्या अटी आधी वाचा, विषय नंतर लिहा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांचं गणित वेगळं: अनेक ठिकाणी 'अ‍ॅनालिसिस'च आणि तेही हायर लेव्हलला मागतात, 'अ‍ॅप्लिकेशन्स' हा गणिताचा दुसरा अभ्यासक्रम घेतलेल्यांना तिथे अडचण येऊ शकते. पान देण्याआधी कोऑर्डिनेटरांची दहा मिनिटं मागून घ्या आणि सहाही विषय त्यांच्यासमोर एकदाच तपासून घ्या. पान परत आलंच तर 'आणखी काही चूक आहे का' हे लेखी विचारा. दिलेल्या प्रत्येक पानाचा फोटो ठेवा. माझं दुसरं पान हरवलं होतं, फोटोमुळे निभावलं.

मुलाखतीबद्दल सांगायचं राहिलं. एक्स्टेंडेड एसे, म्हणजे डिप्लोमात प्रत्येकाला लिहावा लागणारा जास्तीत जास्त 4000 शब्दांचा संशोधन-निबंध, कशावर लिहावासा वाटतो, हे मला विचारलं होतं. पक्का विषय नसला तरी चालतं, मनात एखादा खरा प्रश्न हवा. मी घरच्या दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या स्मरणशक्तीबद्दल बोलले आणि वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपली मातृभाषा शाळेत शिकवत नसली, तरी शाळेची तयारी असेल तर तिचं साहित्य स्वयंअध्ययनाने, स्टँडर्ड लेव्हलला, घेता येतं. अर्ज भरण्याआधी हे विचारून घ्या. माझी ती संधी गेली.