नुसती ठकठक

दुपारी डोळा लागता लागता शेजारच्या खोलीतून ठकठक ऐकू यायला लागली. कुणीतरी जुन्या टंकलेखन यंत्रावर रागारागाने अर्ज बडवत असावं, तशी. उठून पाहिलं तर भाची. हेडफोन लावून, डोळे मिटून, मान डोलवत डिजिटल पियानो वाजवत होती. तिच्या कानात काय बहार चालली होती देव जाणे. खोलीत मात्र सुराचा पत्ता नव्हता. नुसत्या पट्ट्या खाली-वर होत होत्या. म्हणजे रोज रात्री मी वाजवतो तेव्हा घरच्यांच्या वाट्याला हेच येत असणार.

पियानो घरी आणायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी हेडफोनचीच सोय आहे ना, ते विचारलं होतं. शिकाऊ माणसाची लाज राखायला आणखी काय लागतं? बाकीचं ओघाने आलं: 88 पट्ट्या, 52 पांढऱ्या नि 36 काळ्या, खर्जाकडे जड आणि वर जावं तशा हलक्या होत जाणाऱ्या. (पट्ट्या वजनदारच घ्याव्यात, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. हलक्या पट्ट्यांवर बोटं नुसती पळायला शिकतात.) सोबत एक पेडल आलं. पेडल म्हणजे काय, तर फरशीवर पळत सुटणारी एक डबी. पियानो सुरू करताना चुकून पाय तिच्यावर असला, की बऱ्याच मॉडेलांचा असा समज होतो की दाबलेलं पेडल हीच त्याची मोकळी अवस्था. मग सगळा उलटा कारभार. पाय उचलला की सूर घुमत बसतात, दाबला की तुटतात. पियानो बिघडला म्हणून घाबरायचं कारण नाही; बंद करायचा, पाय बाजूला घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

लहानपणी घरात पेटी होती. पेटीला कुठला हेडफोन! मी बाहेरच्या खोलीत अलंकार घोटत बसायचो आणि आत काहीतरी शिवत बसलेली आत्या जागची न हलता ओरडायची, "कोमल आहे रे तो!" मी बोट सरकवायचो. "हां." पुढे चालू. तिला स्वतःला पेटी वाजवता येत नव्हती, पण भिंतीपलीकडून तिला माझा गंधार दिसायचा. वरच्या मजल्यावरचे काकाही जिना उतरता उतरता "भात्याला जरा दम दे" म्हणून पुढे जायचे. तेव्हा या सगळ्यांचा मनस्वी राग यायचा.

आता हेडफोनच्या आत बसून मी एखादी जागा तासभर चुकीची वाजवू शकतो. ती छान घोटली जाते, पक्की होते आणि मग निघता निघत नाही. रेकॉर्डिंगचं बटण आहे, नाही असं नाही. ते खरं तेच सांगतं, पण सगळं वाजवून झाल्यावर. आत्या बोट पट्टीवर असतानाच सांगायची.

पेटीवर वाढलेल्या माणसाची पियानोवर खरी फजिती करतो तो डावा हात. त्याने जन्मभर भाता मारलेला. त्याला आता एकदम सांगायचं, की बाबा, तुलाही वेगळं काहीतरी वाजवायचंय! पुस्तकात दोन्ही अंगठ्यांना 1 आणि दोन्ही करंगळ्यांना 5 आकडा असतो. म्हणजे एकच चढती ओळ उजवा हात 1 ते 5 अशी चढतो आणि डावा 5 ते 1. कागदावर हे फार सोपं दिसतं. माझा डावा हात काम नसलं की अजूनही हवेत मागेपुढे व्हायला लागतो.

शिवाय पेटीचा सूर हवा असेपर्यंत धरून ठेवता येतो. पियानोचा सूर जन्मला की ओसरायलाच लागतो. नंतर पट्टी कितीही रेटा, उपयोग शून्य. काय व्हायचं ते बोट पडतानाच होऊन जातं. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास हीच तर करामत केली. तोवरच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. याने तारेवर हातोडी आपटून लगेच मागे यायची सोय केली आणि हळू-मोठं वाजवणं बोटांच्या हाती आलं. त्याने केलेला 1720 चा पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अजून आहे. माझ्याकडच्या खोक्यात तार नाही. पट्टीखालचे सेन्सर ती किती वेगात खाली गेली तेवढं बघतात आणि 1 ते 127 मधला एक आकडा ठरवतात. जोर नाही, वेग. रागावून पट्टीवर भार टाकला तरी त्याला ते कळत नाही. आत्याला कळायचं.

ज्याला अगदीच काही येत नसेल त्याने पहिल्या दिवशी फक्त काळ्या पट्ट्या वाजवाव्यात. काळी तीनचा, म्हणजे तीन काळ्यांच्या जुडग्यातल्या पहिलीचा सा धरला की पाच काळ्यांत सा रे ग प ध, आख्खा भूप राग हजर. चुकायला जागाच नाही! हल्ली मी हेच करतो आणि तेवढ्यापुरती हेडफोनची पिन उपटून टाकतो. घरातून कधीमधी आवाज येतो, "जरा हळू!" सुराबद्दल कुणी काही बोलत नाही. चांगली माणसं आहेत.

परवा आत्याला फोनवरून तो भूप ऐकवला. मुद्दाम मध्येच एक पांढरी दाबून शुद्ध मध्यम घुसडला. एकदा नाही, दोनदा.

"छान चाललंय," ती म्हणाली.

फोनवर नीट पोचलं नसेल. तिचं वयही झालंय आता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "भाता मारून हात दुखतो का रे अजून?"

दुखतो, म्हटलं.