मधे टक्कल पडलेलं जिरेनियम

"जिरेनियम खूप पसरलंय, मधे टक्कल पडलंय, फुलंही कमी झालीत. उपटून टाकू का?" हा प्रश्न दर मोसमात मला कुणी ना कुणी विचारतंच. आता तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उपटा, पण टाकू नका.

आधी रोप कुठलं ते बघा. कुंडीत वाढणारं, जाड रसरशीत देठांचं आणि लाल झुपक्यांचं ते पेलार्गोनियम. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हे आणि खरं जिरेनियम, दोन्ही एकाच प्रजातीत घातली होती. १७८९ मध्ये ती वेगळी झाली, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. मी बोलतेय ते वाफ्यातल्या बारमाही जिरेनियमबद्दल. याच्या बहुतेक जातींचा वरचा पाला हिवाळ्यात वाळतो आणि वसंतात मुळांवरून पुन्हा फुटतो.

नुसतं अस्ताव्यस्त झालं असेल तर छाटणी पुरते. पहिला बहर ओसरला, देठ आडवे पडले की जमिनीपासून चार बोटं ठेवून सगळंच कापा. हो, हिरवी पानंसुद्धा. इथेच सगळ्यांचा हात थांबतो. मग वरवरची सुकलेली फुलं खुडली जातात आणि झुडूप तसंच लोळत राहतं. कापल्यावर भरपूर पाणी आणि थोडं कंपोस्ट द्या. दोन-तीन आठवड्यांत कोवळी, स्वच्छ पानं येतात. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) पडलेला पालाही आपोआप निघून जातो. काही जाती दुसऱ्यांदा फुलतात. मॅग्निफिकम नावाचं जिरेनियम मात्र वर्षात एकदाच फुलतं, त्याच्याकडून नुसत्या ताज्या पानांची अपेक्षा ठेवा.

फार उशीर करू नका. फुलानंतर क्रौंचाच्या चोचीसारखं लांब बोंड धरतं. ग्रीकमध्ये क्रौंच म्हणजे गेरानोस, नाव त्यावरूनच आलंय. बोंड वाळलं की चोचीच्या पट्ट्या ताणून अचानक वर वळतात आणि बी गोफणीतून सुटावं तसं लांब उडतं. पुढच्या वर्षी नको तिथे रोपं उगवतात, ती यामुळे.

पण टक्कल छाटणीने भरत नाही. त्यासाठी गड्डा खणायलाच हवा, वसंताच्या सुरुवातीला किंवा शरदात, माती ओलसर असताना. कडेने फावडं खोल घालून अख्खा गड्डा वर काढा, माती झटका आणि नीट बघा. मधला भाग काळपट, लाकडासारखा टणक आणि कधी कधी पोकळ असतो. कडेच्या तुकड्यांना मात्र तांबूस-गुलाबी टपोरे डोळे (म्हणजे फुटायच्या बेतातले कोंब) आणि खाली पांढरी ताजी मुळं असतात. रोपाचं तारुण्य या कडेलाच असतं. हे पहिल्यांदा हातात धरून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. ज्याला मी मेलेलं समजत होते, ते नुसतं बाहेरच्या बाजूला सरकलं होतं.

हाताने सुटलं तर उत्तम, नाहीतर जुनी करवती सुरी घ्या. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे आणि पुरेशी मुळं हवीत. मधला लाकडी भाग टाकून द्या, त्याचा मोह धरू नका. मातीत पांढरट, तपकिरी डोक्याच्या वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा, त्या मुळं खातात. तुकडे ३० ते ४५ सेंटीमीटर अंतरावर, डोळे जेमतेम मातीआड जातील असे लावा. नवी मुळं धरेपर्यंत वाफा सुकू देऊ नका. तीन ते पाच वर्षांनी हेच पुन्हा करावं लागतं.

मॅक्रोरायझम या जातीची गोष्ट निराळी. त्याची सुगंधी पानं सौम्य हिवाळ्यात बरीचशी टिकतात आणि जाड मूळखोडं जमिनीवर उघडी पडतात. ती तोडा, पानांचा झुबका वर ठेवून बाकी सगळी मातीत गाडा. मुळं नसली तरी चालतील, तिथेच फुटतात.