शोपँ नको म्हणणाऱ्याच्या गावात

टोरांटोच्या फ्रंट स्ट्रीटवर सीबीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या सरकारी रेडिओ-टीव्हीच्या, इमारतीबाहेर कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड बाकावर बसलाय. ब्राँझचा, अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी. खराखुरा गूल्ड भर उन्हाळ्यातही असाच गुंडाळून फिरायचा. शेजारी एक जागा मोकळी. लोक येतात, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. हस्तांदोलनसुद्धा टाळणाऱ्या माणसाच्या नशिबी हे!

तिथून मेट्रोने सेंट क्लेअर. आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं तो सेंट क्लेअर अव्हेन्यूवरच्या ११० नंबरच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर राहिला. आत जाता येत नाही, लोक राहतात तिथे. समोरच्या फुटपाथवर उभं राहून वर बघायचं, एवढंच. मी बघत होतो आणि मनात यादी चालू होती, त्यानं काय काय वाजवलं नाही त्याची.

कारण पियानोवादक म्हटला की शोपँ, लिस्ट, शूमान हे एकोणिसाव्या शतकातले संगीतकार हवेतच, अशी श्रोत्यांची फर्माईश ठरलेली. गूल्डनं ती जवळजवळ धुडकावूनच लावली. अठराव्या शतकातल्या बाखवरून उडी मारायची ती थेट विसाव्या शतकातल्या शोनबर्ग, बर्ग, हिंडेमिथवर. मधलं शतक बरंचसं वगळून. लिस्टकडे वळला तोही बेथोवनच्या पाचव्या सिंफनीसाठी, म्हणजे लिस्टनं ती पियानोवर उतरवली होती म्हणून. मोझार्टबद्दल तर तो म्हणायचा की हा माणूस लवकर नाही, उशिरा गेला. आणि हे म्हणत त्याचे सगळे पियानो सोनाटे रेकॉर्डही केले! हा खोडसाळपणा मला अजून पूर्ण पचलेला नाही. काही सोनाटे तो असे भरधाव पळवतो की मोझार्टवर सूड उगवतोय असं वाटावं.

पण १९५७मध्ये मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत विद्यार्थ्यांसमोर बसून बर्ग, वेबर्न आणि क्रेनेक वाजवायचे, तेही सोव्हिएत राजवटीला हे संगीत खपत नसताना, याला छाती लागते. १९६४मध्ये तर त्यानं मैफलीच बंद केल्या. तेव्हा वय होतं एकतीस. पुढं स्टुडिओ आणि तो. तिकीट काढून आलेल्यांना खूश करायचा प्रश्नच मिटला.

यंग स्ट्रीटनं थोडं उत्तरेला गेलं की माउंट प्लेझंट दफनभूमी. गूल्डची शिळा जमिनीलगत आहे, पटकन सापडत नाही. तिच्यावर पियानोची आकृती आणि बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’च्या सुरुवातीच्या एरियाचे, म्हणजे मूळ धुनेचे, स्वर कोरलेत. १९५५मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यानं पहिल्या मोठ्या रेकॉर्डसाठी हीच रचना धरली. कंपनीला हे धाडस फारसं रुचलं नव्हतं. तेव्हा ती कोण ऐकत होतं? रेकॉर्ड तुफान चालली. १९८१मध्ये त्यानं तीच पुन्हा वाजवली, कितीतरी संथपणे. पुढच्याच वर्षी, पन्नाशी गाठून नऊ दिवसांत पक्षाघातानं गेला.

परतताना कानात शोपँचा बी मायनर सोनाटा लावला. हो, १९७०मध्ये कॅनडाच्या रेडिओसाठी त्यानं तो वाजवला होता. एकेक सूर लखलखीत, पण यजमान पाहुण्याला कधी एकदा घालवतोय असा. मी मध्येच बंद केला आणि ऑर्लँडो गिबन्सचं ‘लॉर्ड सॉल्झबरी’ लावलं. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा इंग्रज गूल्डचा सगळ्यांत लाडका संगीतकार. यूनियन स्टेशन येईस्तोवर तेच दोनदा ऐकलं.