आजींची चाब

कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरले आणि वर येते तो दार लागलेलं. इथे लिस्बनला फ्लॅटच्या दारांना बाहेरून खटका नसतो, ओढायला नुसती एक पितळी मूठ. वाऱ्याने दार लागलं की लॅच बसलाच. मोबाईल आत, चावी आत, पायात घरातल्या सपाता. ७ मे, बुधवार, दुपारचे चार वाजून गेलेले.

समोरच्या दारात आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत. दोन वर्षांत आमचं बोलणं 'बोम दिया'च्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "ई आ चाब?"

क्षणभर मला वाटलं, आजी हिंदी बोलताहेत. चाबी कुठाय, असंच ऐकू आलं मला. लिस्बनमध्ये तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, तेही एका पोर्तुगीज म्हातारीच्या तोंडून. डोळ्यांत पाणी आलं ते दार लागलं म्हणून नव्हे, हे तिथल्या तिथे कळलं होतं.

या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. इथे आल्यावर पोर्तुगीजच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी चावीला 'चावे' म्हटलं. लिहिताना सी-एच असतो, चावी आपल्याकडे इथूनच आली हे शाळेपासून ऐकलेलं, मग चूक कसली? बाई म्हणाल्या, च नाही, श. 'शाव' म्हण. शेवटचा स्वरही गिळायचा. वर्गासमोर चार वेळा म्हणवून घेतलं आणि वर म्हणाल्या, हा तुमचा भारतीय उच्चार. तेव्हापासून मी शाव म्हणते. दुकानात शाव, ऑफिसात शाव, घरमालकाशी शाव. प्रत्येक वेळी तोंडात आलेला च मागे ढकलायचा.

आजी 'चाब' म्हणतात कारण त्या लिस्बनच्या नाहीत. त्या उत्तरेकडच्या, डोंगरापलीकडच्या त्राझ-उश-मोंतिश भागातल्या. तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून च आहे, आणि व-चा ब होतो. मग मी खोदायला लागले आणि जे हाती आलं ते आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. पूर्वी सगळा पोर्तुगाल च-च म्हणत असे. लिस्बनकडे त्याचा श झाला तो सतराव्या शतकाच्या सुमारास. आणि आपल्याकडे त्यांची जहाजं आली ती त्याच्या आधी. गोवा १५१०, वसई १५३४. तेव्हा आमच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उतरलेला शिपाई कमरेला लावून आला ती चावे होती, शाव नव्हे. आपण ऐकलं तेच ठेवलं. मराठीत चावी, कोकणीत चावी, गुजरातीत चावी. पुढे त्यांच्या राजधानीनेच उच्चार बदलला.

म्हणजे माझ्या तोंडातला 'भारतीय उच्चार' हा त्यांच्याच पणजोबांचा उच्चार होता. पाव, बटाटा, साबण, पगार ही यादी तुम्हाला पाठ आहे, मी परत देत नाही. पण ती यादी इथे मला दर पार्टीत ऐकवली जाते, 'हे शब्द आम्ही तुम्हाला दिले' अशा सुरात. पूर्वी मी हसून मान डोलवायची. आता नाही. याच राज्याच्या व्हाइसरॉयने १६८४ साली गोव्यात हुकूम काढला होता, तीन वर्षांत कोकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. कोकणी आजही आहे. आणि त्यांचा जो च लिस्बनला ठेवता आला नाही, तो आपल्याकडे रोज दारं उघडतोय. हे मला अभिमानाने सांगायचं आहे आणि मी ते इथे ऑफिसातही सांगितलं आहे.

हा च मुळात आला कुठून, तीही गंमत बघा. लॅटिनमध्ये चावी म्हणजे 'क्लाविस'. सुरुवातीचा 'क्ल' जिभेला जड, म्हणून ज्याने त्याने आपापल्या परीने सोडवला. फ्रेंचांनी तसाच ठेवला, क्ले. इटालियनमध्ये ल विरघळला, क्यावे. रोमानियनमध्ये केये. स्पॅनिशमध्ये क गेला, यावे. पोर्तुगीजमध्ये दोन्ही मिळून च. आणि हे एकाच शब्दापुरतं नाही. पावसाला लॅटिन प्लुविया. फ्रेंच प्लुई, इटालियन प्योज्जा, स्पॅनिश युव्हिया, पोर्तुगीज शूवा, म्हणजे जुना चूवा. ज्वाळेला फ्लामा, तिची इथे शामा झाली, म्हणजे जुनी चामा. म्हणून आपल्या चावीला तिचा जन्मदाखला विचारायची गरजच नाही. पहिल्या अक्षरावरच पोर्तुगालचा शिक्का आहे. स्पॅनिश लोक कोकणात आले असते तर आपण आज 'यावी कुठे ठेवलीस?' म्हणत असतो.

आजींचं गाव ऐकून तर मी उडालेच. गावाचं नाव शावेश, म्हणजे शब्दशः 'चाव्या'. आजी म्हणतात चाबेश. मला वाटलं, कुलपांचा धंदा असेल. पण त्याचा चाव्यांशी काही संबंध नाही. रोमन लोकांनी तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून त्याला आक्वाए फ्लाविआए म्हटलं, सम्राट व्हेस्पाझियनच्या फ्लाविउस घराण्यावरून. त्याच नावाच्या 'फ्लाविइस' या रूपाचं घासून घासून चावेश झालं. फ्लामाची चामा होते तसंच.

त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. आजींनी मला स्वयंपाकघरात बसवलं. टीव्हीवर व्हॅटिकन. पोप निवडायला कार्डिनल आत चालले होते आणि थोड्या वेळाने सिस्टाइन चॅपेलची दारं बंद झाली. पडद्याच्या तळाशी मोठ्या अक्षरांत 'कोंक्लाव'. इतके दिवस हा शब्द ऐकत होते, पण स्वतः दाराबाहेर राहिले तेव्हा तो फुटला. लॅटिनमध्ये कुम क्लावे, म्हणजे चावीसह. चावीने बंद केलेली खोली. तेराव्या शतकात विटेर्बोला कार्डिनलांनी पोप निवडायला १२६८ ते १२७१ अशी जवळजवळ तीन वर्षं लावली, लोकांनी त्यांना कोंडलं, आणि निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरीने १२७४ साली कोंडण्याचा नियमच केला. हा शब्द चर्चच्या लॅटिनमधून सरळ आला, लोकांच्या तोंडात घासला गेला नाही, म्हणून त्यातला क्ल शाबूत. संगीतातली 'क्लाव' तशीच. एकाच आईची दोन मुलं, एक गावात वाढलं, एक मठात.

आजी कांद्यात लवंगा टोचत होत्या. कोंबडीचं तांदूळ घातलेलं सूप करायचं होतं, त्याला इथे 'कांजा' म्हणतात. आपल्या दक्षिणेतली कांजी. दिलं-घेतलंच्या हिशोबात ही पार्टीवाल्यांना कधी आठवत नाही. आणि लवंगेला आजी म्हणाल्या 'क्राविन्यु', छोटा खिळा. लॅटिनमध्ये खिळा म्हणजे 'क्लावुस', क्लाविसचा सख्खा भाऊ. जुनी चावी म्हणजे एक आकडेदार खुंटीच. इटालियनमध्ये लवंग खिळाच, रोमानियनमध्ये 'कुइशोआरे', छोटे खिळे. खिडकीत बाटलीत दोन सुकलेले लाल कार्नेशन होते, २५ एप्रिलचे, इथली हुकूमशाही उलथली त्या दिवसाच्या आठवणीचे. १९७४ साली सैनिकांच्या बंदुकांत खोवलेलं हेच फूल, त्याचं नावही क्रावु. लवंगेसारखा वास म्हणून फुलाला खिळ्याचं नाव.

पुढच्या दिवसांत मी ऑफिसात सगळ्यांना छळलं. कोलंबियाचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे यावे म्हणजे पाण्याचा नळसुद्धा. रोमानियन मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे दोन कड्यांमधली अरुंद घळ म्हणजे 'केये', तुर्दाजवळची तर प्रसिद्ध आहे. बार्सिलोनाची मुलगी म्हणाली, कॅटलानमध्ये दोन्ही भावंडं एकाच रूपात आली, 'ला क्लाउ' चावी आणि 'एल क्लाउ' खिळा. लिंगावरून ओळखायचं. इथे पोर्तुगालात पान्हा शाव, स्क्रूड्रायव्हरही शाव, आणि युरोमिल्योंइश लॉटरीचे लागलेले आकडे म्हणजेही शाव. मला मात्र आपली किल्ली आठवत राहिली. खिळा हा संस्कृत कील, आणि किल्लीही त्याच घरातली असावी असं मला वाटतं. रोमपासून इतक्या लांब, कोणाचं न ऐकता, आपणही चावी आणि खिळा एकाच घरात ठेवले.

दार? ते आजींनी उघडलं. कुलूपवाल्याला फोन करू म्हणाले तर त्यांनी हात झटकला, शंभरावर युरो मागतात. कपाटातून स्वतःच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला, फटीत सरकवला, खांद्याने दार रेटलं आणि लॅच मागे गेला. इथे ही युक्ती घरोघरी माहीत असते म्हणे.

मग मी विचारलं, तुम्ही चाब म्हणता, इथले लोक शाव का म्हणतात? आजी गप्प झाल्या. सोळाव्या वर्षी त्या एका घरी कामाला लिस्बनला आल्या. मालकिणीची मुलं त्यांच्या च-ला हसायची, त्यांच्याकडून शब्द म्हणवून घ्यायची. बाहेर त्या शाव म्हणायला शिकल्या. घरात आणि घाईत चाब. मी त्यांना म्हटलं, आम्ही चावी म्हणतो. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "चाबी," त्या म्हणाल्या, "ही तर आमच्याकडचीच."

रात्री आईला सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "शेजारी जादा चावी ठेवली नव्हतीस? दोन वर्षं राहतेस ना तिथे?" रेवदंड्याला आमच्या घराची चावी तीन घरांत असते. मी म्हटलं, इथे लोकांना असं आवडत नाही. इथे प्रत्येकाचं आपलं आपलं असतं, आणि त्यात मोकळीकही आहे, इथे कुणी रात्री किती वाजता आलीस विचारत नाही. हे सगळं खरं आहे. पण मी कुणाला विचारलंच नव्हतं, हेही खरं.

शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून चावी करून घेतली. मुद्दाम 'चावे' म्हटलं. दुकानदाराने मान वर केली, काही बोलला नाही, चावी कापून दिली. आजींना नेऊन दिली. त्यांनी तिला दोरा बांधला, चिठ्ठीवर 'इंदिया' लिहिलं आणि चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवली.