पत्ता नसलेलं गिऱ्हाईक

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज दुपारपासून कोडच्या एकाच ओळीत अडकले होते. ऑर्डर.गेटकस्टमर().गेटअ‍ॅड्रेस().गेटसिटी().ट्रिम() आणि त्यावर नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे साखळीत मधलं काहीतरी नल (काहीच नाही) निघालं की येणारा एरर. प्रोजेक्ट अजून जावा ८ वर आहे, त्यामुळे लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदींत) नुसता लाईन नंबर, चार कॉलपैकी नल नेमका कुणी दिला ते कळतच नाही. (जावा १४ मध्ये ते मेसेजमध्येच सांगायची सोय आली आणि १५ पासून ती आपोआप चालू असते, आमचं अपग्रेड कधी होईल तेव्हा होईल.)

शेवटी ओळ तोडली, एकेक कॉल वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेतला, ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे प्रोग्रॅम तिथे थांबवून, बघत गेले. ऑर्डर आहे, कस्टमर आहे, अ‍ॅड्रेस नल. रेकॉर्ड उघडलं तर दोन किलो चकली, दुकानातून स्वतः येऊन नेणार. मग तो पत्ता कशाला देईल!

म्हणजे डेटा बरोबरच होता, आम्ही नातं चुकीचं धरलेलं. कागदावर चौकोन काढले, ऑर्डरकडून कस्टमरकडे बाण, तिथे १, म्हणजे ऑर्डरला एक कस्टमर असतोच, ते ठीक. कस्टमरकडून अ‍ॅड्रेसकडे बाण, तिथेही सगळ्यांनी मनात १ धरलेला, मी खोडून ० किंवा १ लिहिलं आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

टीममधला एकजण म्हणाला, पिकअपकस्टमर असा सबक्लास, कस्टमर क्लासचा उपप्रकार, काढूया ना. मला नाही पटलं. आज चकली न्यायला आलेला माणूस उद्या लाडू घरी मागवेल, आणि जावात ऑब्जेक्ट एकदा बनला की त्याचा क्लास बदलता येत नाही. घरपोच की पिकअप हे त्या ऑर्डरचं आहे, माणसाचं नाही.

म्हणून ऑर्डरमध्येच डिलिव्हरीसिटी() मेथड लिहिली, ऑप्शनल (आत उत्तर असेल किंवा नसेल असा डबा) परत करणारी, म्हणजे शहर नसेल तर काय करायचं याचा विचार विचारणाऱ्याला करावाच लागतो. लेबल छापणाऱ्या क्लासला कस्टमरच्या पोटात शिरायचं कारणच उरलं नाही, नसेल तर 'दुकानातून नेणार' छापतो. १९८७ मध्ये नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत मांडलेला लॉ ऑफ डिमीटर हेच सांगतो, आपल्या ओळखीच्याशी बोला, त्याच्या ओळखीच्याकडे परस्पर जाऊ नका. कॉलेजात पाठ केला होता, कळला आज.

सर्च मारला तर तशीच साखळी अजून सात ठिकाणी आहे. उद्या आधी बिलाची घेते, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात.