उलट्या स्वस्तिकाचे देणे

आमच्या इंदूरच्या घरात देव आहे की नाही, यावर आजवर कधी वाद झालेला नाही. वाद होतात ते आंघोळ न करता देव्हाऱ्याला कोणी हात लावला, नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवायचे कोण विसरले आणि गणपतीच्या दूर्वांत तुळस कशी आली, यावर. माझी श्रद्धा कॉलेजच्या दिवसांतच हळूहळू आटली आणि ती गोष्ट घरात सर्वांना ठाऊक आहे. आगरकरांनी 1888 साली स्वतःचे पत्र काढून रूढींवर कोरडे ओढले. पुण्याच्या सनातन्यांनी तर त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. माझ्या वाट्याला तेवढा मान आलेला नाही. आरतीच्या वेळी माझ्या हातात झांजा दिल्या जातात, कारण घरात ताल फक्त मला सांभाळता येतो.

मनात नाही ते हातांनी का करायचे, असा प्रश्न मला पूर्वी फार छळत असे. मीमांसकांची, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांची, मते वाचनात आली, तेव्हा तो थोडा सैल झाला. वेदांचे हे कडवे अभिमानी जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी तर तशा ईश्वराविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केला आहे. कर्म यथाविधी पार पडले की त्याचे फळ त्या कर्मातूनच मिळते, कोणाच्या कृपेवर ते अवलंबून नसते, असा त्यांचा एकंदर रोख आहे. कुमारिलांचे नाव आईने ऐकलेले नाही आणि तिचा देव तिला अगदी घरच्या माणसासारखा खरा आहे. पण माझ्याकडून तिची अपेक्षा मीमांसकांचीच असते. मी काय मानतो हे ती विचारत नाही, सोवळे नेसलो आहे की नाही एवढे पाहते.

ही घडी विस्कटली ती नवसामुळे. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि दीड लाखाच्या वर असायला हवेत ते प्लेटलेट 22,000 वर आले. त्याच संध्याकाळी आईने इथल्याच खजराण्याच्या गणपती मंदिरात जाऊन मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढले. मागणे मागताना उलटे काढायचे आणि ते पुरे झाले की येऊन सुलटे काढायचे, ही तिथली रीत आहे. (खजराण्याला गर्दी बुधवारी उसळते, कारण इकडे गणपतीचा वार बुधवार, आमचे मराठी घर मंगळवारची अंगारकीही सोडत नाही, त्यामुळे आईला दोन्ही वार सांभाळावे लागतात.) पुढे आकडा चढू लागला. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जपावे लागतात, ते निभावले की प्लेटलेट आपोआप वाढतात, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. काकांनी श्रेय पपईच्या पानांच्या रसाला दिले. आईने काहीच वाद घातला नाही. मी हिंडू-फिरू लागताच तिने नवस फेडायचा वार तेवढा ठरवला.

झांजा वाजवणे निराळे आणि हे निराळे, असे मला मनापासून वाटत होते. आरतीत मी घरच्यांना साथ देतो. सुलटे स्वस्तिक मात्र पोचपावतीसारखे असते: मागितले ते मिळाले, अशी ती माझ्या हातची कबुली ठरणार होती. ‘तुझा नवस आहे, तूच फेड,’ असे मी म्हणून पाहिले. ‘जीव कोणाचा वाचला?’ एवढेच आईने विचारले. देणे माझ्या नावावर, काढले मला न विचारता आणि देणेकऱ्याचा सावकारावरच विश्वास नाही, असा हा विचित्र व्यवहार होता. पण माझ्या उशाशी रात्ररात्र बसलेल्या बाईपुढे तो मुद्दा ताणून धरणे मला क्षुद्रपणाचे वाटले.

मी गेलो. त्या भिंतीवर कुंकवाची इतकी स्वस्तिके एकावर एक चढलेली होती की कोणाचे मागणे कुठे संपते आणि कोणाची फेड कुठे सुरू होते, हे ओळखणे अशक्य होते. ओले कुंकू बोटावरून मनगटापर्यंत ओघळत होते. आई खांद्यामागून बारकाईने पाहत होती, कारण एखादी रेघ चुकून डावीकडे वळली असती तर जुना नवस फिटायच्या आधीच नवा लागू झाला असता. मी रेघा बरोबर वळवल्या. तेवढ्यापुरता मी तिचा हात झालो, असे मी मानतो आणि त्यात मला आता लबाडी वाटत नाही.

जीभ मात्र मी अजून कोणाला उसनी दिलेली नाही. घरी आल्यावर बहिणीच्या मुलाने विचारले, ‘मामा, तुला बाप्पाने बरं केलं का?’ मोठ्या माणसांना मी अशा वेळी हसून टाळतो. पण मुलाने सरळ विचारलेल्या प्रश्नाला वाकडे उत्तर देणे मला जमत नाही. मी त्याला डास, विषाणू आणि प्लेटलेट यांची हकिकत समजावून सांगितली. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘आणि डॉक्टरांना बुद्धी कोणी दिली, तेही सांग त्याला.’ मी तेही सांगितले आणि ‘असे आजी मानते’ हे शब्द पुढे जोडले. त्यावर आई काही बोलली नाही. पुढच्या बुधवारी ती खजराण्याला निघाली, तेव्हा त्याला सोबत घेऊन गेली.